ब्राउझर कोणता वापरावा?



या व्यासपीठावर प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशी जाणती मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही त्यांपैकी कोणी नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि मागून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा चालकांनी विषय विचारला आणि आम्ही 'ब्राउझर' असे सांगितले, तेव्हा ते जरा थबकले. बोनस, कंत्राटी कामगार, नवे कामगार कायदे असे काहीतरी आमच्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा होती. ब्राउझर म्हणजे संगणकावरची किंवा मोबाइलवरची ती खिडकी, जिच्यातून आपण इंटरनेट पाहतो. तिचा आणि संघटनेचा काय संबंध, असे आपल्यालाही वाटत असेल. तो संबंध आम्हांला एका चुकीने शिकवला. ती चूक आमची होती, म्हणून आधी तीच सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात संघटना बांधण्याचे चालले होते. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर निदान सात जणांच्या सह्या लागतात. सात जण जमले होते. त्यांतला एक स्टोअरमध्ये कामाला होता. लिहितावाचता, हुशार मुलगा. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या संगणकावर तो नोंदणीचे नियम, नमुने, जुने निकाल शोधत असे. त्याने आम्हांला विचारले, "साहेब, कोणी बघणार तर नाही ना?" आम्ही कोठेतरी ऐकले होते, ते त्याला सांगितले: "ब्राउझरमध्ये खाजगी खिडकी नावाचा प्रकार असतो. ती उघडून बघ. ती बंद केली की मागे काही राहत नाही."

आठ दिवसांनी त्याला वर बोलावले. टेबलावर छापील यादी ठेवलेली होती. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते पान उघडले, सगळे ओळीने लिहिलेले. त्याची बदली परराज्यातल्या गोदामावर झाली. उरलेल्या सहांपैकी दोघांनी पाय मागे घेतला. युनियन झाली, पण एक वर्ष उशिरा झाली, आणि तो मुलगा तिच्यात नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा जमेल तसा अभ्यास करीत आलो आहोत. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, लोक एकाच श्वासात 'सुरक्षित आणि खाजगी' असे म्हणतात, पण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीतली खोली घ्या. दाराला भक्कम कुलूप आहे, चोर आत येऊ शकत नाही. ही झाली सुरक्षितता. पण जिन्याच्या तोंडाशी घरमालकाचा माणूस वही घेऊन बसला आहे आणि तुमच्याकडे कोण आले, किती वेळ बसले, हे तो लिहून ठेवतो आहे. कुलूप कितीही भक्कम असले तरी त्या वहीला ते अडवीत नाही. म्हणजे सुरक्षितता आहे, पण खाजगीपणा नाही. उलट, शेतातली खोपटी घ्या. तिथे पाहणारे कोणी नाही, खाजगीपणा पुरेपूर आहे. पण दार कुजलेले आहे, एका लाथेत मोडेल. ब्राउझरांची तुलना करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर माणूस हमखास फसतो. चोराला कोण अडवतो, हा एक प्रश्न. वही कोण लिहितो, हा दुसरा.

आता वही कशी लिहिली जाते ते पाहू. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने 'कुकी' शोधून काढली. कुकी म्हणजे एक चिठ्ठी. दुकान ती तुमच्या ब्राउझरच्या खिशात घालते, म्हणजे पुन्हा आलात की तुम्ही तेच गिऱ्हाईक आहात हे त्याला ओळखता येते. एवढ्यापुरती ती सोयीची वस्तू. पण पुढे जाहिरातवाल्यांनी तिचा वेगळाच उपयोग केला. तुम्ही वर्तमानपत्राचे पान उघडता, त्या पानात जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसवलेला असतो. तोही गुपचूप आपली चिठ्ठी तुमच्या खिशात घालतो. मग तुम्ही औषधाच्या दुकानात जा, नोकरीच्या जाहिराती पाहा, कर्जाची चौकशी करा. जिथे जिथे त्याच कंपनीचा तुकडा असेल तिथे तिथे ती चिठ्ठी वाचली जाते. दुकाने वेगळी, पण मुकादम एकच, आणि हजेरीबुकही एकच. यालाच त्रयस्थ कुकी म्हणतात.

चिठ्ठ्या फेकून दिल्या तर? तर चालीवरून ओळखतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पडद्याचा आकार, बसवलेले टंक, भाषा, घड्याळाचा विभाग अशा साध्या गोष्टी एकत्र केल्या, तर तपासलेल्या ब्राउझरांपैकी शेकडा ८३ हून अधिक ब्राउझर इतर सर्वांपासून वेगळे ओळखता येत होते. नाव माहीत नसले तरी माणूस तोच, हे कळत होते. याला ब्राउझरच्या बोटांचा ठसा म्हणतात.

आणि ती खाजगी खिडकी? ती फक्त तुमच्या यंत्रावरचा इतिहास पुसते. घरात दुसऱ्याने तोच संगणक उघडला तर त्याला दिसू नये, एवढाच तिचा उपयोग. संकेतस्थळाला तुम्ही दिसता, इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही कोठे गेलात ते दिसते, आणि कचेरीच्या संगणकावर बसला असाल तर कचेरीलाही दिसते. गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील खाजगी खिडकीविषयी अमेरिकेत २०२० साली दावा दाखल झाला. २०२४ साली तडजोड झाली आणि अशा खिडकीतून जमा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे किंवा त्यांतील ओळख पुसण्याचे गूगलने मान्य केले. आम्ही त्या मुलाला २०१६ साली जो सल्ला दिला, त्यावर जगभर लाखो माणसे विसंबली होती, हे त्यावरून दिसते. पण त्याने आमचे समाधान होत नाही.

आता निरनिराळ्या ब्राउझरांकडे वळू. बाजारात नावे पुष्कळ आहेत, परंतु आतली यंत्रे मोजकी आहेत. ज्याला इंजिन म्हणतात, ते पान वाचून पडद्यावर मांडते. क्रोमचे इंजिन ब्लिंक. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सारे त्याच इंजिनावर चालतात. ॲपलच्या सफारीचे इंजिन वेबकिट. फायरफॉक्सचे गेको, आणि टॉर, मुलवाड, लिब्रवूल्फ हे फायरफॉक्सचेच भाऊबंद. आयफोनवर तर वरचे नाव कोणतेही असो, आत वेबकिटच असते. २०२४ पासून युरोपीय संघात याला मुभा मिळाली, भारतात नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वेबकिट आणि ब्लिंक या दोघांचे मूळ केएचटीएमएल नावाच्या एका इंजिनात आहे, आणि ते केडीई नावाच्या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी उभे केले होते. आज त्यावर उभ्या असलेल्या इमारती कोणाच्या मालकीच्या झाल्या, ते आपण पाहतोच.

क्रोम २००८ साली आला. सुरक्षिततेच्या बाबतीत त्याला नावे ठेवता येणार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या कोठडीत ठेवण्याची व्यवस्था त्याने संगणकावर २०१८ साली सर्वांसाठी सुरू केली. फायरफॉक्समध्ये ती २०२१ साली आली. २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला निघू लागल्या. कुलूप भक्कम आहे. परंतु जिन्यावरचा वहीवाला आणि कुलूपवाला एकाच मालकाचे नोकर आहेत. गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. २०२० च्या जानेवारीत त्याने दोन वर्षांत त्रयस्थ कुकी बंद करण्याचे जाहीर केले. मुदत पुन्हा पुन्हा लांबली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत सोडून दिला. सफारीने तेच काम २०२० च्या मार्चमध्ये पुरे केले होते. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या बरणीत कोंडायला सुरुवात केली, म्हणजे एका दुकानातली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात वाचता येत नाही. तेव्हा हे काम अशक्य नव्हते. मालकाला परवडत नव्हते, एवढेच.

मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमच्याच पायावर उभा आहे. कुलूप चांगले. वहीचे काय? २०२० सालीच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक डग्लस लीथ यांनी एक उपयुक्त तपासणी केली. ब्राउझर नव्याने बसवल्यावर, काही न बदलता, तो स्वतःच्या मालकाला काय काय कळवतो, हे त्यांनी पाहिले. त्यात तीन गट पडले. सर्वांत कमी बोलणारा ब्रेव्ह. मधल्या गटात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी. सर्वांत जास्त बोलणारे एज आणि रशियाचा यांडेक्स, कारण ते यंत्राशी जखडलेली ओळख पाठवीत होते. ब्राउझर काढून पुन्हा बसवला तरी ती बदलत नाही. ही तपासणी २०२० ची आहे आणि एकाच प्रश्नाची आहे, हे विसरू नये. परंतु प्रश्न कसा विचारावा हे तिच्यापासून शिकण्यासारखे आहे.

ब्रेव्ह पाहू. फायरफॉक्सची मोझिला संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक ब्रेंडन आइक यांनी ही कंपनी २०१५ साली सुरू केली. इंजिन क्रोमचे, पण माग काढणारे तुकडे आणि जाहिराती पहिल्यापासूनच अडवलेल्या. बोटांचा ठसा पुसट करण्याचीही खटपट आहे. सामान्य माणसाला काही न बदलता वापरता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण तोही धुतल्या तांदळाचा नव्हे. २०२० साली असे उघडकीस आले की, आभासी चलनाच्या काही बाजारांचे पत्ते लिहू लागले की ब्रेव्ह आपला दलालीचा संकेत त्यांना गुपचूप जोडीत होता. बोभाटा झाल्यावर कंपनीने चूक कबूल केली आणि तो प्रकार बंद केला.

डकडकगो या कंपनीचे नावच माग न काढण्यासाठी गाजले. २०२२ साली एका संशोधकाने दाखवले की, तिचा ब्राउझर इतरांचे तुकडे अडवीत होता, पण मायक्रोसॉफ्टचे काही तुकडे सोडीत होता. कारण शोधाच्या व्यवहारात मायक्रोसॉफ्टशी करार झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पळवाट बुजवण्यात आली. यावरून आम्ही एक नियम काढला आहे. संघटनेत नवीन पुढारी आला की आम्ही विचारतो, याचा खर्च कोण चालवतो? ब्राउझरलाही तोच प्रश्न विचारावा.

तो प्रश्न फायरफॉक्सलाही विचारला पाहिजे, आणि उत्तर जरा अवघड आहे. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ च्या नोव्हेंबरात निघाली. तिच्यामागे नफा न वाटणारी मोझिला संस्था आहे आणि ती मराठीतही मिळते. स्वतःचे इंजिन असलेला, मोठ्या कंपन्यांबाहेरचा महत्त्वाचा ब्राउझर आज तोच एक. पण त्या संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडून येतो. शोधासाठी पहिली जागा गूगलला दिल्याबद्दल. अमेरिकेतील खटल्यात असे पुढे आले की, अशा पहिल्या जागांसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात निरनिराळ्या कंपन्यांना मिळून २६ अब्ज डॉलरांहून अधिक दिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी उपाय ठरवले. क्रोम विकण्याची सक्ती केली नाही, पण दुसऱ्याला वावच राहणार नाही असे करार करण्यास मनाई केली. त्याच वर्षी फायरफॉक्सने वापराच्या अटी बदलल्या आणि 'माहिती कधीही विकणार नाही' अशा अर्थाचे जुने वचन आपल्या पानावरून काढले, तेव्हा त्याचे जुने चाहतेही रागावले. संस्थेने खुलासा केला. तरी आम्ही म्हणतो, रागावले ते बरेच झाले. सभासद जागे असले की पुढारी सरळ राहतो.

तरीही फायरफॉक्सच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे. जाहिराती आणि माग काढणारे तुकडे अडवण्यासाठी यूब्लॉक ओरिजिन नावाची एक जोडणी मिळते. क्रोमने २०२४ आणि २०२५ मध्ये जोडण्यांचे नियम बदलले, त्यात ही पूर्ण ताकदीची जोडणी बंद पडली. फायरफॉक्सवर ती चालते.

आता जे अधिक कडक आहेत त्यांच्याविषयी. लिब्रवूल्फ हा फायरफॉक्समधून कळवाकळवीचे सगळे काढून टाकलेला ब्राउझर. स्वयंसेवक तो चालवतात. मुलवाड ब्राउझर २०२३ साली टॉर प्रकल्पाच्या मदतीने निघाला. त्याचा हेतू असा की, वापरणारे सगळे एकमेकांसारखेच दिसावेत, म्हणजे बोटांच्या ठशाचा उपयोग होऊ नये. एका रंगाचा गणवेश घातलेल्या गर्दीतून एक माणूस हुडकणे कठीण, तसे. आणि टॉर. त्याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाली. तुमचा निरोप तीन हातांतून जातो. पहिल्याला निरोप कोणाचा हे कळते, पण कोठे चालला हे कळत नाही. तिसऱ्याला कोठे चालला हे कळते, पण कोणाचा हे कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाहीत. खाजगीपणासाठी याच्या तोडीचे दुसरे साधन सर्वसामान्यांच्या हाती नाही. पण तो संथ चालतो, पुष्कळ संकेतस्थळे त्याला दारातच अडवतात, आणि बँकेच्या कामाला तो सोयीचा नाही.

शिवाय टॉरलाही मर्यादा आहेत. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉरमधून बाँबची खोटी धमकी पाठवली. निरोप कोठून आला हे टॉरने लपवले. पण विद्यापीठाच्या जाळ्यावर त्या वेळी टॉर वापरीत कोण होते, हे विद्यापीठाला दिसत होते. तेवढ्यावरून तपास त्याच्यापर्यंत पोचला. त्याचे कृत्य निंद्यच होते. आपण घ्यायचा धडा एवढाच की, गावात एकट्यानेच बुरखा घेतला तर बुरखा हीच ओळख होते.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग मोठ्या कंपन्या सोडून जो सर्वांत अनोळखी ब्राउझर असेल तो घ्यावा. नाही, बंधूंनो. इथे पुन्हा खोपटीचे कुजके दार आठवा. २०२३ च्या सप्टेंबरात वेबपी नावाच्या चित्रप्रकारात एक भयंकर दोष सापडला. नुसते चित्र उघडले तरी परका यंत्रात शिरू शकेल असा. त्याचा दुरुपयोगही सुरू झाला होता. क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह यांनी एकदोन दिवसांत दुरुस्ती दिली. ज्या ब्राउझरामागे रोज काम करणारी माणसे नाहीत, त्याचे दार अशा वेळी उघडे राहते. म्हणून ब्राउझर निवडताना दुरुस्ती किती दिवसांत येते हे आधी पाहावे. नाव कितीही शूर असो, वर्षभर नवी आवृत्ती नसेल तर तो ठेवू नये.

आणि स्वस्त, हलका म्हणून घेतलेल्याचे काय होते, हे आपल्या देशाने पाहिलेच आहे. यूसी ब्राउझर एके काळी भारतात घरोघरी होता. साध्या फोनवर चालायचा, डेटा वाचवायचा. २०१५ साली टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने दाखवून दिले की, फोनची ओळख, ठावठिकाणा, शोधलेले शब्द यांतले कितीतरी तो उघड्यावर किंवा कच्च्या कुलपात पाठवीत होता. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तोही होता. पण पाच वर्षे आपण तो वापरीत राहिलोच.

सुरक्षितता विकणाराच खाजगीपणा विकतो, असेही घडते. अवास्ट ही व्हायरसपासून रक्षण करणारी नामांकित कंपनी. लोकांनी ती पहारेकरी म्हणून ठेवली. कोण कोठे गेले याची माहिती ती जंपशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. २०२० साली तो धंदा बंद करावा लागला आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १६५ लाख डॉलर भरायला लावले. जोडण्यांचेही तसेच. ग्रेट सस्पेंडर नावाची एक लोकप्रिय जोडणी मूळ कर्त्याने विकली. नव्या मालकाच्या हाती ती बिघडली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ती हानिकारक म्हणून काढून टाकली. म्हणून जोडण्या एकदोनच ठेवाव्यात. कुलपाच्या चित्रावरही जाऊ नये. ते चित्र एवढेच सांगते की वाटेत कोणी पत्र फोडले नाही. पत्र घेणारा बँक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ साली ते चित्रच बदलले.

आता आमच्या संघटनेत आम्ही काय करतो ते सांगतो. हा हुकूम नव्हे. आपापल्या गरजेप्रमाणे ठरवावे.

बँकेचे आणि सरकारी काम एका ब्राउझरात, ज्याच्या दुरुस्त्या वेळेवर येतात आणि ज्यात एकही जोडणी नाही अशा. रोजचे वाचन आणि शोध दुसऱ्यात. फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन, किंवा ब्रेव्ह. या दोघांत आमच्यात वाद आहेत आणि ते चालू राहतील. दोन ब्राउझर ठेवण्याचा फायदा असा की, एकातली चिठ्ठी दुसऱ्यात जात नाही. पण दोन्हींत एकाच खात्याने आत शिरलात तर सगळे व्यर्थ. आपले नाव आपणच सांगितल्यावर बुरख्याचा काय उपयोग? ज्या शोधामुळे कोणाची नोकरी, अब्रू किंवा जीव अडचणीत येईल, तो टॉरमधून. आणि चौथा नियम, जो आम्ही पहिला शिकायला हवा होता: कंपनीचे यंत्र, कंपनीचा फोन, कंपनीचे वायफाय यांवर संघटनेचे एक अक्षरही नाही. यंत्र ज्याचे, नजर त्याची. जगातला कोणताही ब्राउझर त्यावर उपाय नाही. त्या मुलाला आम्ही ब्राउझरविषयी सांगत बसलो, आणि संगणक कोणाचा हे विचारले नाही.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. पण त्या कायद्याचे सातवे कलम वाचा. नोकरीच्या कारणासाठी, आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, नोकराची संमती न घेताही त्याची माहिती वापरण्याची वाट तिथे मोकळी ठेवली आहे. त्या वाटेवर कोठे फाटक बसवायचे, हे काम न्यायालयाइतकेच संघटनांचेही आहे. ब्राउझर बदलणे हे एकट्याचे काम आहे. कायदा बदलणे हे एकट्याचे नव्हे.

शेवटी एका शंकेला उत्तर देतो, कारण ती प्रत्येक सभेत येते. "आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा केले आणि हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, अशा मागण्या होत्या. ते सारे उजेडात होते. कामगारांनी आपली नावे उघड दिली होती. मग लपवायचे काय होते? आमचे म्हणणे असे की, उघड सही करण्याआधी एक वेळ असते. माणूस विचारतो, वाचतो, घाबरतो, शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलतो, आणि मग एक दिवस सगळ्यांबरोबर पुढे येतो. ती वेळ त्याची स्वतःची असावी लागते. रोग्याची तशीच असते, सासरी जाच सोसणाऱ्या लेकीची तशीच असते, नवे मत बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची तशीच असते. ती वेळ कोणी वहीत लिहून घेतली, तर सही करण्याचा दिवस उगवतच नाही.

त्या स्टोअरमधल्या मुलाची सही अर्जावर सातवी होती. ती त्याने करायची की नाही, केव्हा करायची, हे ठरवण्याचा हक्क त्याचा होता. तो आमच्या अज्ञानाने गेला. निदान आपल्यापैकी कोणाचा तसा जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.